सर्व्हर बंद केला ती दुपार

मुलगी काय करते असं कोणी विचारलं, की बाबांचं उत्तर ठरलेलं. "मोटरच्या कामावर हाय." त्यामुळे आमच्या रिठद गावाच्या आसपास अर्ध्या लोकांची समजूत अशी, की एवढं इंजिनीअर होऊन मी वाशिमला जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देते. एकदा तर एक गृहस्थ खरंच एक मोटर पोत्यात घालून आमच्या दारी घेऊन आले. मी चिडले, बाबा हसत सुटले, आणि आईनं त्या गृहस्थांना चहा पाजून वाटेला लावलं.

काम खरं असं आहे. वाशिमला एका कृषी केंद्राच्या माडीवर दोन खोल्यांची आमची कंपनी आहे. शेतातल्या स्टार्टरच्या पेटीला आम्ही एक डबी जोडून देतो. डबीत सिमकार्ड असतं. शेतकऱ्यानं घरी बसून मोबाइलवर 'चालू' दाबलं की विहिरीवरची मोटर चालू होते, 'बंद' दाबलं की बंद. विंचवा-सापाच्या अंधारात बांध तुडवत जायची गरज नाही. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. डब्या बसवणं, विकणं, लोकांशी गोड बोलणं हे भाऊंचं खातं. मोबाइल आणि डबी यांच्या मध्ये जो सर्व्हर आहे, तो माझा.

हा सर्व्हर भाड्याचा, मुंबईत कुठंतरी ठेवलेला. मी त्याला डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही. त्याच्या दारात प्रॉक्सी नावाचा एक प्रोग्रॅम बसवलेला असतो. शेतातली डबी असो की शेतकऱ्याचा मोबाइल, आत जायचं तर या प्रॉक्सीकडूनच. लग्नात मांडवाच्या दारात एक मामा उभा असतो, आलेल्याला नीट ओळखून मगच आत सोडतो, तसं याचं काम. आमचा मामा फार जुना झाला होता. त्या जुन्या आवृत्तीत एक भोक सापडलंय, त्यातून कोणीही आत शिरू शकतं, म्हणून जगभर बोंब चालली होती. मी भाऊंच्या मागे लागले होते की नवी आवृत्ती टाकू या.

"चालून राह्यलं ना?" भाऊ म्हणायचे. "मंग कायले हात लावता?"

आमच्याकडे हा जवळजवळ धर्मच आहे. चालत्या वस्तूला हात लावायचा नाही, आणि बंद पडली की जोरात थापटायचं. शेवटी मी त्यांना म्हटलं, उद्या कोणी परदेशात बसून तुमच्या गिऱ्हाइकांच्या मोटरी चालू-बंद करायला लागला तर फोन तुम्ही घ्यायचे. तेव्हा कुठं ते हो म्हणाले.

हरभरा, गव्हाच्या ओलिताचे दिवस होते. शेतीची थ्री-फेज लाईन आमच्याकडे पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. त्या आठवड्यात ती दुपारी यायची होती. म्हणून मी सकाळची वेळ धरली. लाईन नसली की डब्या बॅटरी वाचवायला झोपून असतात, अधूनमधून आदेश बघण्यापुरत्या जाग्या होतात, शेतं गप्प असतात. नवी प्रॉक्सी अगदी लोण्यासारखी बसली. एकही चूक दाखवली नाही. मी स्वतःवरच इतकी खूश झाले की भाऊंना चहा मी पाजला.

दुपारी लाईन आली आणि माझा आनंद तिथंच संपला.

सर्व्हरचा सीपीयू, म्हणजे त्याचा मेंदू, किती कामात आहे हे दाखवणारी एक रेघ माझ्या स्क्रीनवर कायम असते. एरवी ती खाली लोळत असते. लाईन आल्यावर ती उभीच्या उभी वर गेली आणि शंभर टक्क्यांवर जाऊन चिकटली. मला वाटलं, सगळ्या डब्या एकदम जाग्या झाल्या, येईल खाली. ती आली नाही. पाठोपाठ भाऊंचे दोन्ही मोबाइल वाजायला लागले. कोणाची मोटर चालू होत नव्हती, कोणाची बंद होत नव्हती, कोणाच्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत होतं.

"मी म्हनत होतो," भाऊ म्हणाले.

"तुमी आत्ता काही म्हनू नका," मी म्हटलं.

पहिला संशय मला हल्ल्याचा आला, कारण वाईट झालं की दुसऱ्या कोणाचं तरी कारस्थान असावं असं आधी वाटतंच. मग भाऊंचं लाडकं औषध म्हणून प्रॉक्सी एकदा बंद करून पुन्हा चालू केली. रेघ क्षणभर खाली आली आणि पुन्हा वर जाऊन बसली. भाऊ म्हणाले, जुनंच टाका परत. मी म्हटलं, भोक असलेलं दार परत लावू? खरं सांगायचं तर माझा हट्ट पेटला होता. सकाळी जी वस्तू मी मिरवत होते, तिनं दुपारी माझं नाक कापावं याचा मला संताप आला होता.

तेवढ्यात माझाच फोन वाजला. काका. आमची विहीर बाबा आणि काका या दोघांच्या वाट्यात आहे, आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. दोघांच्याही मोबाइलवर तीच मोटर चालू-बंद करता येते. काका त्या दिवशी मंगरूळपीरला लेकीकडे गेले होते.

"जयभीम पोरी. तुही ते मोटर काहून चालू होऊन नाही राह्यली?"

"काका, सर्व्हरवर लोड आला. जरा दम धरा."

"दम कितीक धरू? दुपारपासून पाळी माही हाय. दाबून दाबून आंगठा दुखून राह्यला माहा."

"दाबू नका काका! जेवढं दाबसान तेवढं वाढते ते."

"दाबू नको तं मंग चालू कशी होईन?" काका म्हणाले, आणि मला खात्री आहे, फोन ठेवून त्यांनी पुन्हा दाबलं. सगळा जिल्हा तेच करत होता. आमच्याकडे लिफ्टचं बटणसुद्धा माणूस एकदा दाबत नाही.

मी लॉग उघडला, म्हणजे दारात कोण आलं, कोण गेलं याची सर्व्हरनं ठेवलेली नोंद. सगळ्यांकडे बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून एकाच डबीच्या मागावर राहिले. डबी आली. प्रॉक्सीनं तिची ओळख तपासली. आत सोडलं. डबी गप्प बसली. थोड्याच वेळात प्रॉक्सीनं तिला बाहेर काढलं. डबी पुन्हा दारात. पुन्हा ओळख, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दुसरी डबी बघितली, तिचंही तेच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या डब्या मितभाषी आहेत. सिमचा डेटा वाचावा म्हणून त्या क्वचितच बोलतात, बाकी वेळ जोडलेल्या राहून नुसतं ऐकतात. जुना मामा अशा गप्प पाहुण्याला खुशाल बसू द्यायचा. नव्या मामाचा नियम कडक होता. जो बोलत नाही त्याला लवकर उठवायचं. उठवलेली डबी लगेच परत येणार, आणि खरा कष्टाचा भाग होता ओळख तपासण्याचा. जिल्हाभरच्या डब्यांची ओळख तो अखंड तपासत बसला होता, आणि त्यातच त्याचा मेंदू संपला होता.

उपाय अगदी छोटा होता. गप्प पाहुण्याला किती वेळ बसू द्यायचं, तो एक आकडा वाढवायचा आणि प्रॉक्सी पुन्हा चालू करायची. स्क्रीन इतकी मंद झाली होती की मी एक अक्षर टाइप करायचे आणि ते उमटायची वाट बघत बसायचे. तरी तो आकडा मी लिहिला. आता फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं.

असं काही केलं की मी आधी आमच्याच विहिरीवर तपासते. बाबांना फोन करायचा, पाइपातून पाणी पडलं का विचारायचं. फोन आईनं उचलला.

"आई, बाबा कुठी हायत?"

"विहिरीत उतरले. पानी खाली गेलं ना, मोटर अजून खाली सोडून राह्यले. मले म्हने, फोन धर अन् वर बस."

माझं बोट एंटरवर होतं. ते मी असं उचललं, जणू खाली विस्तव होता.

"मोटर बंद केली का त्याइनं?"

"केली तं. मोबाइलवरून केली, म्या सोता पाह्यलं."

केली होती, त्यात खोटं काहीच नव्हतं. सकाळी सगळं शांत असताना त्यांचं 'बंद' डबीपर्यंत नीट पोचलं होतं. पण त्यानंतर मंगरूळपीरला बसून काकांनी अंगठा दुखेपर्यंत 'चालू' दाबलं होतं. ती सगळी 'चालू' सर्व्हरच्या आत रांगेत अडकून पडली होती. मी एंटर दाबलं असतं तर वाट मोकळी झाली असती आणि काकांचं 'चालू' सरळ आमच्या विहिरीत गेलं असतं. आणि नाही दाबलं तरी सुटका नव्हती. डबी सारखी आत-बाहेर करत होती. एखाद्या क्षणी ती आत असताना रांगेतलं 'चालू' तिच्या हाती पडलं की झालं.  पाण्यात लोंबणारी मोटरची तार बाबांनी दोन जागी जोडून वर पट्टी गुंडाळलेली होती, हे मला माहीत होतं.

पूर्वी बाबा असे उतरत नसत. विहिरीत उतरायचं म्हणजे आधी पेटीतला फ्यूज उपसायचा आणि शर्टच्या खिशात घालायचा, आणि तोच शर्ट घालून खाली जायचं. आमच्या भागात सगळेच असं करत. काकांना मोटर चालू करायची असली तर त्यांना विहिरीवर यावं लागे, रिकामी पेटी बघावी लागे, आणि मग ते विहिरीत डोकावून हाक मारत. मोबाइल आल्यापासून तो फ्यूज जागचा हलला नव्हता. बंद दाबलं की बंद, अशी सगळ्यांची खात्री झाली होती. ही खात्री आम्हीच गावोगाव विकली होती.

"आई, पेटीतला फ्यूज काढ. आत्ता."

"पेटीले कुलूप हाय ना. किल्ली त्याइच्या करदोड्याले."

किल्ली विहिरीत, बाबांच्या कमरेला. मला रडू यायला लागलं, आणि रडायला वेळ नव्हता.

"मंग वर बोलाव त्याइले. आत्ताच्या आत्ता."

आईनं हाक मारली. बाबांचा आवाज विहिरीत घुमत वर आला. "अवं, बंद हाय ते! दोर अर्धा बांधून झाला. आता सोडला तं मोटर खाली जाईन. थांब जराशी."

मी काकांचे आदेश रांगेतून पुसायला घेतले. एक अक्षर, थांब. दुसरं अक्षर, थांब. असं करत बसले असते तर दिवस मावळला असता. मग मला सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटचं पान आठवलं. तिथं एक लाल बटण असतं, ते दाबलं की अख्खा सर्व्हरच बंद होतो. तो बंद झाला की कोणाचंच 'चालू' कुठंच जाणार नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या मोटरी अडकतील, भाऊ बोंब मारतील, मारू देत. मी ते बटण दाबलं.

रेघ खाली आली. फोन शांत झाले. मी खुर्चीत मागे टेकले आणि बऱ्याच वेळानं पूर्ण श्वास घेतला. वाचवलं मी बाबांना, असं मला वाटलं. मला स्वतःचा अभिमानसुद्धा वाटला, हे सांगायला आता लाज वाटते.

माझ्या टेबलावर तपासणीची एक डबी कायम चालू असते. सहज नजर गेली, तर तिचा हिरवा दिवा पिवळा झाला होता.

पिवळा म्हणजे सर्व्हर सापडत नाही. आणि सर्व्हर सापडला नाही तर डबी काय करते, हे मला आठवलं. आमच्याकडे काही गावांत मोबाइलचा टॉवर दिवसच्या दिवस जातो. लाईन आहे, पाणी आहे, पण टॉवर नाही म्हणून मोटर चालू होत नाही, यावरून लोक भाऊंच्या अंगावर धावून आले होते. तेव्हा त्यांनी भांडून एक सोय करून घेतली होती, ऑटो. संपर्क तुटून काही मिनिटं झाली आणि लाईन असली, की डबीनं कोणाची वाट बघायची नाही. आधीचं 'बंद' विसरायचं आणि मोटर चालू करून टाकायची. ऑटो न लावलेला शेतकरी आमच्याकडे शोधून सापडणार नाही. बाबांची डबी ऑटोवर मीच लावून दिली होती. प्रॉक्सी डब्यांना उठवत होती तोवर संपर्क क्षणभरच तुटायचा, त्यामुळे ऑटोची वेळ येत नव्हती. मी सर्व्हर बंद करून ती वेळ आणली होती. आणि तो पुन्हा उठवायला त्या काही मिनिटांहून जास्त वेळ लागणार होता.

"आई!" मी किंचाळले. भाऊ दारातच थिजले. "आई, फोन विहिरीच्या तोंडाशी धर. बाबा! वर या! मोटर चालू होऊन राह्यली!"

"कशी होईन?" खालून आवाज. "म्या बंद केली ना. तू काहून बोंबलून राह्यली?"

आता या माणसाला काय समजावू? सर्व्हर, रांग, ऑटो? मी नुसती "वर या, वर या" म्हणत राहिले, आणि ते दोर आवळत राहिले. बाबांचा हट्ट मला ठाऊक आहे, कारण तोच माझ्यात उतरलाय. हातातलं काम पुरं झाल्याशिवाय ते यमालाही थांब म्हणतील.

मग आईचा आवाज आला. आई घरात कधी वर आवाज काढत नाही. ती म्हणाली, "तुमी येता का वर? नाही तं मी बी उतरतो खाली. हे पाहा, पाय टाकला म्या."

आईला पोहता येत नाही. आयुष्यात ती विहिरीच्या कडेला कधी वाकून उभी राहिलेली नाही. आणि नंतर बाबांनीच सांगितलं, तिनं खरोखर विहिरीत उतरायच्या पहिल्या लोखंडी कडीवर पाय ठेवला होता, पातळ वर खोचून, एका हातात फोन धरून. खाली धप्प असा आवाज झाला. बाबांनी दोर सोडला होता आणि मोटर तळाला गेली होती. मग त्यांच्या शिव्या ऐकू यायला लागल्या. आईला, मला, माझ्या शिक्षणाला, कंपनीला. शिव्या एकेक कडी वर येत होत्या. इतक्या गोड शिव्या मी कधी ऐकल्या नाहीत.

"आले," आई म्हणाली. "बसले काठावर."

मी काही बोलणार, तोच फोनमधून तो आवाज आला. आधी पेटीत खट्, मग खोल पाण्यातून घुरघुर. आमच्या मोटरीचा आवाज मला लहानपणापासून पाठ आहे.  बाबांनी विचारलं, अगदी हळू, "हे कोनं चालू केली?"

मी खाली फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले. भाऊंनी पाण्याची बाटली आणून दिली, पण झाकण उघडायचं त्यांना सुचलं नाही.

पुढचं काम मी यंत्रासारखं केलं. सर्व्हर पुन्हा उठवला, आता तो चपळ झाला होता. दार उघडायच्या आधी रांगेतले सगळे आदेश पुसले, प्रॉक्सी नव्या आकड्यानं चालू केली. डब्या एकेक करून आल्या, आत बसल्या, आणि या वेळी कोणी त्यांना उठवलं नाही. रेघ खाली येऊन नेहमीसारखी लोळायला लागली. भाऊंचे फोन पुन्हा वाजायला लागले, पण आता लोक खूश होते. "झाली चालू, झाली!" भाऊंच्या चेहऱ्यावर रंग परतला. "जमलं ना? बस मंग," असं म्हणत त्यांनी खाली हाक मारून भजी मागवली.

भजी आली. मी एक उचललं आणि स्क्रीनकडे बघितलं. आमच्याकडे जिल्ह्याचा एक नकाशा आहे. प्रत्येक डबीचा एक ठिपका, मोटर चालू असली की हिरवा. रिसोडपासून कारंजापर्यंत सगळा नकाशा हिरवागार झाला होता. भाऊ कौतुकानं बघत होते. मीही बघत होते, आणि हळूहळू मला कळलं की मी काय बघतेय. रांगेतले आदेश तर मी पुसले होते. मग या मोटरी कोणी चालू केल्या? कोणीच नाही. सर्व्हर बंद होता त्या वेळात त्या ऑटोवर गेल्या होत्या, सगळ्या, आमच्या मोटरीसारख्याच. बाबा काठावर बसले त्याच सुमाराला जिल्हाभरच्या विहिरींत मोटरी आपोआप सुरू झाल्या होत्या. आणि पाणी काही एकट्या आमच्याच विहिरीचं खाली गेलेलं नव्हतं. त्या दिवसांत मोटर खाली सोडायला गावोगाव माणसं उतरत होती, आमच्या भरवशावर फ्यूज जागेवर ठेवून.

भजं माझ्या हातात तसंच राहिलं. एका बापासाठी मी ते बटण दाबलं होतं, आणि बाकीच्यांचा विचार मला शिवलाही नव्हता.

"भाऊ," मी म्हटलं, "सगळ्यायले फोन लावा लागते. विहिरीत कोनी होतं का, विचारा लागते."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ते खाली बसले. मग म्हणाले, "आपून कायले विचारायचं? काही झालं असतं तं फोन आला असता ना. उगाच लोकायच्या मनात भरवनं."

"ज्याच्या घरी झालं तो आपल्याले फोन करत बसन का? तुमी नका करू. मी करतो."

ते उठले आणि दुसऱ्या टेबलावर बसून त्यांनीही फोन लावायला सुरुवात केली.

ती दुपार मी विसरणार नाही. नंबर लावायचा, वाजेपर्यंत जीव मुठीत, आणि मग तोच प्रश्न. आत्ता मोटर चालू झाली तेव्हा विहिरीत कोणी होतं का? एका बाईनं सांगितलं, "बेंडूक होतं." एक आजोबा भडकले, भरल्या घरात असं अभद्र काहून विचारता म्हणाले. एक जण हसायलाच लागला, "अवं बाई, बोअर हाय माहा. बोअरात कोन उतरते?" मी त्या माणसाला इतक्या मनापासून धन्यवाद दिले की तो गोंधळून गेला. कोणी मोटर चांगली चालते म्हणून कौतुक केलं, कोणी नवीन स्कीम आली का विचारलं. प्रत्येक 'नाही'ला माझ्या छातीवरचं ओझं थोडं हलकं व्हायचं, आणि पुढचा नंबर लावताना पुन्हा तेवढंच चढायचं. भाऊ प्रत्येक फोन संपला की माझ्याकडे बघून मान हलवायचे. कोणी नव्हतं. कोणी नव्हतं.

शेवटी धनज गावचा एक नंबर राहिला. तो उचलत नव्हता. मी लावत राहिले, तिकडे घंटी वाजत राहिली. भाऊ माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. जेवत असेल, शेतात असेल, फोन घरी विसरला असेल, असं ते एकेक सांगत होते. मनात मी त्या माणसाचं मरणसुद्धा बघून बसले होते. त्याच्या दारातली गर्दीसुद्धा मला दिसत होती.

मग फोन उचलला गेला. पुरुषाचा आवाज, धाप लागलेला. मी कंपनीचं नाव सांगितलं आणि प्रश्न विचारला.

"हो," तो म्हणाला. "मी होतो ना."

 तोच सांगत गेला. गाळ काढायला उतरला होता. पाइपाला धरून उभा होता. पाइपानं असा हिसका दिला की तो पाण्यात फेकला गेला. पोहता येत होतं म्हणून वाचला. तारेचा जोड पाण्याच्या वर होता म्हणून वाचला. गुडघा फुटलाय, बाकी काही नाही. हात मात्र अजून थरथर कापतात, फोन धरवत नव्हता, म्हणून उचलला नाही.

"घरातले म्हनतात भुताटकी हाय," तो म्हणाला. "म्या बंद करून उतरलो होतो, मॅडम. मोबाइल वर दगडावर होता. जवळपास कोनी मानूस नाही. कोनं हात लावला नाही अन् मोटर चालू. तुमी विचारलं, लय बरं वाटलं. नाही तं कंपनीवाले एकदा डबी लावली की कोन विचारते? देव तुमचं भलं करो."

भाऊ डोळ्यांनी मला खुणावत होते, ठेव, ठेव फोन. आभार मान आणि ठेव. तो माणूस जिवंत होता, खूश होता, आशीर्वाद देत होता. मला तो आशीर्वाद सहन होईना.

"भुताटकी नाही, दादा," मी म्हटलं. "ते मी केलं. सर्व्हर मी बंद केला, त्याच्यानं तुमची मोटर चालू झाली."

 मागे कोणीतरी बाई त्याला काहीतरी विचारत होती. मी शिव्यांची वाट बघत होते. त्यानं शिव्या द्याव्यात अशीच माझी इच्छा होती.

"तुमी आत्ता कुठून बोलून राह्यल्या?" त्यानं विचारलं.

"वाशिमहून. ऑफिसातून."

"तवाबी तथीच होत्या?"

"हो."



"एवढ्या दुरून?" तो म्हणाला.